बसलेला बैल अन् नऊ नंबरचा बूट

दुर्गमधल्या आमच्या बोरसीपासून भिलाईच्या पावर हाउसपर्यंत माह्यासारखी गाडी चालवणारा दुसरा माणूस तुमाले सापडणार नाही. सापडला असता तर त्याचाही एक पाय माह्यासारखाच वाकडा असता, अन् आम्ही दोघं एकमेकाले धरून तरी सरळ चाललो असतो.

पोळा जवळ आला का कॅलेंडरच्या आधी माह्या उजव्या घोट्याले समजते. पाऊस तवा जुना झालेला असते. नव्या पावसाचं कौतुक कोणालेही असते, हा पाऊस म्हणजे महिनाभर मुक्काम ठोकून बसलेला पाहुणा. कपडे वाळत नाहीत, माचिस पेटत नाही, सकाळी तळलेली बेसनाची ठेठरी दुपारपर्यंत मऊ पडते. घरात ओल्या गोधडीचा वास, बाहेर चिखलाचा. अन् खाली वावरात पाय रुतते म्हणून सगळी जनावरं वर डांबरी रस्त्यावर येऊन बसतात. रस्ता कोरडा, जरासा कोमट, अन् गाड्यांच्या वाऱ्यानं माशा उडतात. जनावरांनी लय अक्कल लावून जागा निवडलेली असते. त्या रस्त्यावरून बिना अकलेचा जाणारा मी एकटाच.

यंदाही बसले आहेत. पावर हाउसच्या बाजारात मातीचे बैल आले, चाकं लावलेले, लाल अन् पांढरे, पाठीवर पिवळी झूल रंगवलेली. त्याईच्या रांगेपुढून जाताना मी अजूनही मान खाली घालतो. बाकी लोकं देवापुढं मान घालतात. माही गोष्ट वेगळी आहे. मी एका बैलाची बदनामी केली होती, अन् ती पुरी एक वर्ष चालवली.

भिलाईत माणूस पायावरून ओळखू येते. स्टील प्लांटात पक्की नोकरी असली का काळे, जाडे सेफ्टी बूट मिळतात. त्याच्या नाकात लोखंडाची वाटी बसवलेली असते. नवा जोड आला का जुना जोड साळ्याले, साडूले, भाच्याले. आमच्या नात्यातल्या अर्ध्या लोकाईनं प्लांटाचं गेट आतून पाहिलं नाही, पण पाय सगळ्याईचे प्लांटातले. लग्नात मंडपाबाहेर तोच काळा ढीग. जो पहिले जेवून उठला, तो नवा जोड घालून घरी जाते.

माहा बाप रेल्वेत गँगमन होता, गोंदियाकडून दुर्ग लाइनवर आलेला. जन्मभर गिट्टीवर चालला. त्याचे तळवे पाहून वाटे का याले बूट कायले पायजे, याचा पायच बूट आहे. मी चौथीतून शाळा सोडली तवा तो एवढंच बोलला, "डोकं नाही तर नाही, पाय सांभाळ." मी डोकं सांभाळलं नाही हे सगळ्याईले माहीत आहे. पायाचं सांगतो.

मी कूलर दुरुस्त करतो. पाऊस लागला का धंदा झोपते, मग लोकाईचे कूलर खिडकीतून काढून देतो, गंज खरडतो. त्याच्यासाठी मोटरसायकलवरून फिरायचो, पायात चप्पल. दोन वर्षाआधी, पोळ्याच्या तोंडावर, आमचे भाऊजी आले. म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. सेक्टर दहात प्लांटाचं क्वार्टर, प्लांटात पक्की नोकरी, आमच्या घरात त्याईचा शब्द खाली पडत नाही. ते त्याईच्या स्कुटीवर आले, दोन पायाच्या मधात पिशवी. पिशवीत बूट.

"घाल," म्हणे.

मी घातले. माहा पाय सातचा, बूट नऊचा. बायकोनं जुन्या धोतराचा बोळा करून नाकात कोंबला. भाऊजीनं अंगणातली वीट उचलली अन् माह्या बोटावर सोडली.

"लागलं?"

"नाही."

"मग? गाडीवर हाच घालत जाय. चप्पल घालून फिरते भैताडासारखा."

आता सांगा, विटेनं ज्याचं काही बिघडत नाही त्याचं जगात काय बिघडणार? मी तो बूट घालून असा चालायचो जसा लोखंड मीच ओतलं. चालताना टाच आत खाली-वर व्हायची, फटफट आवाज यायचा, तोही मले रुबाबाचा वाटे.

चौथ्या दिवशी, दुपारचे चार वाजले असतील. मी सेक्टर दहातून एक कूलर काढून वापस येऊन राहिलो होतो. बोरसीच्या अलीकडच्या वळणावर एक पांढरा बैल बसून. दुरून दिसला मले. मी काही आंधळा नाही. ब्रेकवर पाय टाकला, तर पाय ब्रेकच्या वर गेलाच नाही. बुटाचं नाक ब्रेकच्या दांडीखाली घुसलं. मी दाबून राहिलो, अन् दांडी वरच्या वर. काढायले गेलो तर लोखंडी नाक दांडीत अन् इंजिनात असं फसलं का निघेना. हाताचा ब्रेक म्हणून एक चीज असते हे मले तवा आठवलं नाही. अजूनही कधी कधी आठवत नाही. बैल मोठा होत गेला, मोठा होत गेला, मी हँडल वळवलं अन् गाडीसकट कडेच्या चिखलात गेलो. बूट दांडीतच राहिला, पाय आतल्या आत फिरला. कट् असा आवाज आला. मले वाटलं गाडीचं काही तुटलं.

बोटाले खरचटलंही नाही. बोटं तिथं होतीच कुठं? बोटाच्या पुढं दोन नंबरची रिकामी जागा होती, तिलेही काही झालं नाही. सगळा मार घोट्याले, अन् घोट्यापर्यंत बूट पोचतच नव्हता.

बैलानं मान वळवली. माह्याकडं पाहिलं. रवंथ करत होता, ते थांबवलंही नाही. उठण्याची गोष्टच सोडा.

दवाखान्यात बायकोनं, शोभानं, विचारलं, "कसं झालं वो?" आता काय सांगू? का माहाच बूट माह्या ब्रेकखाली फसला? तोंडातून निघालं, "बैल आला अंगावर." बस, तेवढंच. बाकी काम पाहायले येणाऱ्याईनं केलं. पहिल्या दिवशी बैल नुसता आडवा आला होता. प्लास्टर वाळेपर्यंत त्यानं शिंग उगारलं. प्लास्टर काढायच्या दिवशी तो मले पन्नास फूट दौडवून राहिला होता, अन् मी गाडीवर होतो हे कोणी विचारलंही नाही. लोकं हसायचे, मीही हसायचो. दुसऱ्याच्या नावावर आपली फजिती खपवायची मजा काही और असते.

मग भाऊजी आले. त्याईनं बूट हातात घेतला, नाकावरची ओरखड पाहिली, बोट फिरवलं अन् म्हणाले, "हे पाहा. हा बूट नसता तर पाय गेला असता." सगळ्याईनं माह्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

बैलाची गोष्ट मी बनवली होती, पण त्या मान हलवण्यानं बुटाची गोष्ट त्याईची झाली. शोभानं तो जोड पुसून, प्लास्टिकच्या पन्नीत बांधून माळ्यावर ठेवला. घरात पायऱ्या चढताना मी लंगडायचो, अन् वर तो बूट देवासारखा बसून.

आता मागच्या पोळ्याचे ते चार दिवस. माणसाले जन्मात किती दिवस आठवतात? मले लग्नाचा दिवस नीट आठवत नाही. हे चार दिवस वासासकट आठवतात. पॉलिशचा वास, ओल्या मातीचा, अन् माह्या घामाचा.

आमची पोरगी जया नर्स झाली. बोरसीच्या पुढं वीस-बावीस किलोमीटरवर एका गावच्या उपकेंद्रात तिची ऑर्डर निघाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याले, जॉइन व्हायचं. त्या वेळेले बस नाही. शेवटचा रस्ता मातीचा, स्कुटीचं बारकं चाक रुतते, म्हणून ती माही मोटरसायकल नेणार होती. गाडी तिले येते. माह्यापेक्षा चांगली येते, पण ही काही तारीफ नाही झाली.

भाऊजी लगेच आले. स्कुटी, दोन पायाच्या मधात पिशवी, पिशवीत नवा कोरा जोड. ओळखीतून कोणाकडून तरी सर्वात लहान नंबर मागून आणलेला. सहा. जयाचा पाय चार.

"दोन मोजे घाल बेटा," ते म्हणाले. "अशाच बुटानं तुह्या बापाचा पाय वाचवला."

जया खाली वाकून त्याईच्या पाया पडली. शोभा जुन्या धोतराचा तुकडा शोधायले आत गेली. अन् मले दिसलं का सगळं तसंच, वीट तेवढी बाकी आहे. भाऊजीनं वीट उचलली.

शनिवारी मी म्हणलं, चल, एक चक्कर मारून येऊ. ती पुढं, मी मागं. पाऊस थांबला होता, रस्त्यावरून वाफ निघून राहिली होती. दोन्ही बाजूले धान पोटरीवर, हिरवं इतकं का डोळे दुखतात. कोणी दुसरं असतं तर ते पाहत बसलं असतं. मी तिच्या उजव्या पायाकडं पाहून राहिलो. बूट दांडीच्या वर. ठीक. खाली. वर. पुढं गाई बसलेल्या, सात-आठ. तिनं गिअर कमी केला. पाय दांडीकडं गेला. नाक दांडीले टेकलं, सरकलं, खाली जायले लागलं. माहा स्वतःचा पाय हवेत दाबून राहिला होता, मागच्या फूटरेस्टवर, जसा तिथं ब्रेक आहे. तिनं हाताचा ब्रेक लावला. गाडी डुलली, उभी राहिली. एका गाईनं कान हलवला.

तिचा मानेवरचा घाम दिसत होता मले. ती म्हणाली, "वापस जाऊ, बाबा?" मी म्हणलं, "हो."

तवाच बोलायचं होतं. ओठावर आलं होतं. पण मी विचार केला, बिना बोलता काम होत असन तर कायले आपली इज्जत रस्त्यावर मांडायची? जशी काही ती आधीपासून तिथं पडून नव्हती.

संध्याकाळी तिची जुनी चप्पल पिशवीत टाकून मी पावर हाउसले गेलो. गाडीवाल्या पोरांचे बूट विकणारं एक दुकान आहे. सेठनं चप्पल पाहिली, मग मले पाहिलं.

"भैया, चप्पल से बूट का नाप नहीं होता. पैर लाओ."

"पाय घरी आहे," मी मराठीतच म्हणून टाकलं.

तरी त्यानं मले सगळं दाखवलं. चांगला माणूस. बूट हातात घेऊन कपडा पिळतात तसा पिळून पाहायचा. सहज पिळला गेला, तर गाडीखाली तुमचा पायही तसाच पिळू देईन. घोट्याच्या दोन्ही बाजूले आत टणक वाटी पायजे, बाहेरून दाबली का बोटाले लागली पायजे. लेस झाकलेली पायजे, नाहीतर दांडीत गुंतते. नाक टणक पायजे पण पातळ, गिअरखाली घुसलं पायजे अन् बाहेरही आलं पायजे. डाव्या बुटावर गिअरसाठी एक जाडी पट्टी. अन् टाच आत हलली नाही पायजे, हलली का तो बूट तुमचा नाही, दुसऱ्या कोणाचा आहे. मी उभा राहून ऐकत होतो अन् माहा घोटा एक एक गोष्ट कबूल करून राहिला होता.

रविवारी जयाले घेऊन गेलो. तिच्या पायात बूट असा बसला जसा तिथंच वाढला. मी गाडी दुकानापुढं स्टँडवर लावली. म्हणलं, बस. ब्रेक दाब. पाय काढ. पुन्हा दाब. डोळे मिटून दाब. लोकं थांबून पाहायले लागले.

"पापा बहुत डरते हैं क्या?" सेठनं विचारलं.

"इनको बैल ने मारा था," जया म्हणाली. इतक्या मायेनं म्हणाली का मले त्या दुकानाच्या शटरखाली जाऊन झोपावं वाटलं.

मग तिनं बूट काढला अन् डब्यात ठेवला. "नको बाबा. मौसाजीले वाईट वाटन. त्याईनं मागून आणला माह्यासाठी. अन् तुमचा पाय कोणी वाचवला? तशाच बुटानं न?"

आता एवढी सरळ वाट कोणी कोणाले देते का? नाही म्हणायचं. दोन अक्षरं. मी तोंड उघडलं.

"हो," म्हणलं.

वापस येताना मातीच्या बैलाईच्या रांगेजवळ तिनं गाडी थांबवली अन् घरच्यासाठी एक घेतला. पांढरा होता. तिनं तो माह्या मांडीवर दिला, सांभाळा म्हणे. बोरसीपर्यंत मी त्याले पोटाशी धरून बसलो. ओल्या रंगाचा डाग शर्टावर लागला, तो अजून निघाला नाही.

माणूस मोठ्या गोष्टीसाठी खोटं बोलते असं मले वाटे. चोरी, मारामारी, बाई. मी तर एवढ्यासाठी बोललो होतो का कोणी म्हणू नये, याले बूटही घालता येत नाही. रोज शंभर लोकाईले मी स्वतःवर हसवतो. पण त्यात एक चलाखी आहे, ती मले तवा समजली. जे सांगून काही बिघडत नाही तेवढंच मी सांगतो. जे खरंच लागते ते माळ्यावर, पन्नीत.

पोळ्याचा दिवस. सकाळपासून तळणाचा वास. शोभानं पाट मांडला, त्यावर पांढरा बैल, पुढं ठेठरी अन् गोड खुरमी. भाऊजी खुर्चीवर बसलेले, जया दारात बसून बुटाले पॉलिश करून राहिली होती. उद्याची तयारी. ब्रशचा आवाज येत होता, खरर्, खरर्. मावळत्या उन्हात बुटाचं नाक असं चमकत होतं का त्यात तिचा चेहरा दिसावा.

शोभानं माह्या हातात कुंकवाची वाटी दिली.

"तुम्ही करा पूजा. अन् आता माफ करा त्याले. जनावर होय ते, त्याले काय समजते. सालभर राग धरून बसले."

मी बोटावर कुंकू घेतलं. बैलाच्या कपाळापर्यंत हात गेला अन् थांबला. मागं खरर्, खरर्.

"बैलानं काही केलं नाही," मी म्हणलं.

"काय?" शोभा.

"तो बसून होता. उठलाही नाही. बूट ब्रेकखाली फसला माहा. नऊ नंबरचा होता. मी दाबून राहिलो अन् ब्रेक वर. पायही बुटानं वाचला नाही, बुटानंच मोडला. जया, तू तो उद्या घालू नको."

ब्रश थांबला. बाहेर कोणाच्या तरी मोबाइलवर गाणं वाजून राहिलं होतं, तेही मले लय मोठं वाटलं. भाऊजीच्या तोंडात ठेठरी होती, ती तशीच राहिली. मी त्याईच्याकडं पाहिलं नाही, पण म्हणलं, "भाऊजी, तुम्ही तर इतकी वर्षं हेच बूट घालून गाडी चालवून राहिले. तुमाले कधी फसला नाही?"

भाऊजीनं ठेठरी गिळली. त्याले वेळ लागला.

"माही तर स्कुटी आहे," ते हळूच म्हणाले. "तिले पायाचा ब्रेकच नाही."

कोणी हसलं नाही. मीही नाही. दारात त्याईची स्कुटी उभी होती, पाय ठेवायले केवढी मोठी सपाट जागा, तिथं नऊ नंबरच काय, रेल्वेच्या रुळाखालचा स्लीपर मावला असता. इतक्या वर्षात आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बूट प्लांटातला, देणारा सेक्टर दहाचा, अन् वीट पडूनही लागत नाही. याच्यावर कोण काय विचारन?

जया उठून आत आली. बूट तिच्या हातातच होता.

"शनिवारी माह्या पायाले ब्रेक सापडला नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही मागं होते. तुमाले दिसलं न?"

"दिसलं."

"मले वाटलं मलेच गाडी येत नाही. दोन रात्री मी हाच विचार करून राहिली, का उद्या नोकरीले नाही म्हणून सांगू."

मी बोटावरचं कुंकू पाहत उभा.

भाऊजी उठले. त्याईनं जयाच्या हातातून बूट घेतला, पालथा करून पाहिला, जसा पहिल्यांदाच पाहून राहिले, अन् पिशवीत टाकला. "पावर हाउसचं ते दुकान किती वाजेपर्यंत उघडं असते?" त्याईनं मले विचारलं. आवाज कोरडा होता. तो आवाज पुढं दिवाळीपर्यंत कोरडाच राहिला, अन् ते माहं कमावलेलं होतं.

"आठ," मी म्हणलं. "आता साडेसहा."

जयानं खिळ्यावरची चाबी काढली. मी बैलाच्या कपाळाले कुंकू लावलं, घाईत जरा डोळ्यावर गेलं, अन् तिच्या आधी बाहेर जाऊन सवयीनं गाडीवर पुढं बसलो. शोभा दारात आली. हातात पुजेची थाळी तशीच.

"मागं व्हा," ती म्हणाली. "अन् तो बैल बसला होता न रस्त्यावर, तसेच बसजा. त्यानं आजपर्यंत कोणाले पाडलं नाही."